चोआ चू कांगच्या काकू आणि माझा अमेरिकन फॉर्म

काकूंच्या फोनमध्ये जेवण मागवायचं ॲप नव्हतं. म्हणजे एकदा घेतलं होतं. उघडल्याबरोबर त्याने विचारलं, अटी मान्य आहेत का? अशा वेळी तुम्ही-आम्ही जे करतो ते न करता काकूंनी चष्मा लावला आणि अटी वाचायला घेतल्या. दुपारी दोनला बसल्या, मध्ये चहा झाला, साडेपाचला शेवटच्या ओळीला पोचल्या. मग "मान्य नाही," असं फोनला मोठ्याने सांगून त्यांनी ते ॲप काढून टाकलं आणि पिशवी घेऊन खालच्या हॉकर सेंटरला, म्हणजे स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, चालत गेल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, "त्यात लिहिलंय की भांडण झालंच तर त्यांच्या सोयीच्या ठिकाणी जाऊन भांडायचं. मी कशाला जाऊ? माझं भांडण मी इथे करीन."

सिंगापूरच्या चोआ चू कांग भागातल्या त्यांच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत मी चार वर्षं भाड्याने राहिले. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहायचं तर त्यांची परवानगी घ्यावी लागेल, त्यासाठी त्या आधी हा सगळा मजकूर मागतील, आणि मग हा लेख पुढच्या वर्षी छापून येईल.

खोली बघायला गेले त्या दिवशीच मला कळायला हवं होतं. भाडेकरार दोन पानांचा होता. मी पेन काढलं, तर म्हणाल्या, "मोठ्याने वाच." मी वाचायला लागले. प्रत्येक कलमाला त्या थांबवायच्या आणि "म्हणजे काय ते तुझ्या शब्दांत सांग," म्हणायच्या. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी 'पाहुणे रात्री दहानंतर थांबणार नाहीत' याचं स्पष्टीकरण देत बसले होते. शेवटी वैतागून म्हटलं, "काकू, हा करार तुम्हीच लिहिलाय ना?"

"मी लिहिलाय. पण सही तुझी आहे."

मूळच्या त्या दादरच्या. चाळीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर सिंगापूरला आल्या आणि जहाजांना किराणा पुरवणाऱ्या एका कंपनीत हिशेब लिहायला लागल्या. काका गेले, नोकरीतून निवृत्त झाल्या, मूलबाळ नव्हतं. पुण्याला एक भाचा होता, तो रविवारी फोन करायचा. करभरणीचे दिवस आले की इथल्या मराठी मंडळींचे फॉर्म त्या भरून द्यायच्या. पैसे घेत नसत, पण त्यांच्या वेळेने आणि त्यांच्या पद्धतीने काम चाले. आधी सूचनांची पुस्तिका वाचायची, मग फॉर्म, मग पेन्सिलीने भरायचं, एक दिवस मध्ये जाऊ द्यायचा आणि मगच शाई. सही करायच्या आधी हात धुवायचे. सही उभं राहून करायची. आणि जेवणानंतर सही मुळीच नाही. "जेवलेलं माणूस कशालाही हो म्हणतं," असं त्यांचं मत होतं, आणि माझ्या लग्नाची बोलणी कशी झाली ते आठवलं की मलाही ते पटतं.

घरी पार्सल आलं की दारात अर्धा तास ठरलेला असायचा. पार्सलवाल्याच्या यंत्रावर 'माल सुस्थितीत मिळाला' असं असायचं, आणि त्याखाली सही. काकू त्याला दारात उभं करून आधी खोकं फोडायच्या. एकदा मी बारा कप मागवले होते. त्यांनी बाराच्या बारा कागदातून काढून उजेडात फिरवून पाहिले. तो चिनी तरुण सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "आंटी, एव्हरीबडी जस्ट साइन वन लाह." काकू त्याला शांतपणे म्हणाल्या, "एव्हरीबडी इज नॉट हिअर. आय ॲम हिअर." मग त्याला कोकम सरबत दिलं. पुढे तो आमच्या मजल्यावर सगळ्यात शेवटी यायला लागला, म्हणजे बिचाऱ्याला बसता यायचं.

इथल्या मराठी मंडळाच्या चित्रकला स्पर्धेचा किस्सा तर अजून शहराच्या दुसऱ्या टोकाला, सेंगकांगपर्यंत सांगितला जातो. प्रवेशपत्राच्या तळाशी एक ओळ होती: हे चित्र पाल्याने कोणाच्याही मदतीशिवाय काढले आहे. खाली पालकांची सही. त्या वर्षी नोंदणीच्या टेबलापाशी चुकून काकूंना बसवलं. त्यांनी दुसरं काही केलं नाही. प्रत्येक आईबापाकडे कागद देऊन म्हणाल्या, "एवढी ओळ मला वाचून दाखवा आणि मग सही करा." पहिल्या बाई वाचत असतानाच त्यांची लेक म्हणाली, "बट मम्मी, यू डिड द होल स्काय लाह." मागच्या रांगेत कुजबुज झाली. पन्नासेक चित्रं आली होती, त्यातली वीस-बावीस स्पर्धेत राहिली. बक्षीस मिळालं ते एका वाकड्या हत्तीला. अध्यक्ष महिनाभर काकूंशी बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षी मंडळाने ती ओळच काढून टाकली. काकूंना त्याचं फार वाईट वाटलं. "ओळ चांगली होती हो," त्या म्हणत राहिल्या.

मला त्यांचा राग यायचा, हे कबूल करते. मी जात्याच घाईची. त्यांच्याबरोबर बाहेर पडायचं म्हणजे दोन गाड्या चुकणार हे धरूनच चालावं लागे, कारण स्टेशनवर नवीन सूचना लागली असेल तर ती वाचून व्हायची. पण एका फॉर्मवरून आमचं जे झालं ते माझ्या आयुष्यातलं मोठं भांडण होतं, आणि त्यात चूक सगळी माझी होती.

त्यासाठी माझी थोडी मागची गोष्ट सांगायला हवी. लग्न झालं तेव्हा आमच्याकडच्या रीतीप्रमाणे नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवीन नाव लिहिलं. आडनाव बदलणार हे माहीत होतं. पहिलं नावही बदललंय, हे मला पाहुण्यांबरोबरच कळलं. त्या नावाने पासपोर्ट झाला, त्या नावाने अमेरिकेला गेले, तिथे सहा वर्षं नोकरी केली, आणि तिथल्या सरकारने मला जो नऊ आकडी नंबर दिला तोही त्याच नावावर. मग घटस्फोट झाला. मी आईवडिलांनी ठेवलेलं नाव परत घेतलं, सिंगापूरला आले, वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत लागले, पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाल्यावर नोकरी सोडली आणि स्वतःचं ॲप काढलं. म्हाताऱ्या माणसांना औषधाची वेळ झाली की त्यांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या आवाजात आठवण करून देणारं. विकत घेणारे जवळजवळ सगळे अमेरिकेतले, आणि आवाज वाजायचा तो पुण्या-ठाण्यात. त्या ॲपवर माझं पोट होतं, आणि पोटापेक्षा जास्त माझा ताठा होता. पुन्हा कोणाच्या हाताखाली जायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

ॲप विकून देणाऱ्या कंपनीने सुरुवातीलाच कराचा फॉर्म मागितला. पहिला प्रश्न: तुम्ही अमेरिकेची करदाती व्यक्ती आहात का? 'हो' म्हटलं की फॉर्म छोटा होता, आणि त्यात जो नंबर मागितला होता तो मला पाठ होता. अमेरिकेत राहून आलेल्या आमच्या लोकांना तो नंबर म्हणजे आपली तिथे ओळख आहे असंच वाटतं. मी 'हो' म्हटलं, नाव आत्ताचं घातलं, नंबर तेव्हाचा घातला, सही केली आणि विसरून गेले.

काही महिन्यांनी एका सकाळी त्या कंपनीने कळवलं की नाव आणि नंबर जुळत नाहीत, सबब यापुढे 'बॅकअप विथहोल्डिंग' लागू होईल. प्रत्येक वेळी चोवीस टक्के कापून ते अमेरिकी सरकारकडे जातील. मी काकूंकडे धावले. त्यांनी आयुष्यात अमेरिकन फॉर्म पाहिला नव्हता. त्यांचा चेहरा असा उजळला की मला संताप आला. सूचनांची सगळी पानं छापून घेतली आणि दोन दिवस त्यांच्या खोलीतून फक्त पान उलटल्याचा आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मला समोर बसवलं.

"हा दंड नाही," त्या म्हणाल्या. "वाचनालयात ओळख पटेपर्यंत अनामत ठेवून घेतात ना, तसं आहे. सरकार म्हणतंय, तू कोण ते मला धड सांगितलं नाहीस, तेव्हा तुझ्या पैशातला काही भाग मी आधीच बाजूला ठेवते. तू कोण ते नीट सांग, की थांबेल."

"मग सांगू या की. जुनं नाव घालते, नंबराशी जुळेल, कापणं बंद."

"थांब. तू अमेरिकेत राहतेस?"

"नाही."

"तिथली नागरिक आहेस? ग्रीन कार्ड आहे?"

"नाही."

"मग 'मी अमेरिकेची करदाती व्यक्ती आहे' असं इथे सही करून कोणी सांगितलंय?"

"मी."

"का?"

"नंबर होता म्हणून."

काकूंनी चष्मा काढला. रागावल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. मग त्यांनी सगळं मांडून दाखवलं. जुन्या नावाने तोच फॉर्म पुन्हा भरला तर काहीच कापलं जाणार नाही, पण तो खोटा. खरा फॉर्म वेगळा, परदेशी माणसांचा. तो भरला की हे चोवीस टक्क्यांचं प्रकरण संपेल, पण अमेरिकेतल्या विक्रीतून येणाऱ्या रॉयल्टीवर सरळ तीस टक्के कर कापतील, कारण सिंगापूरचा अमेरिकेशी कर कमी करणारा करार नाही.

"भारताचा आहे," मी म्हटलं. "माझा पासपोर्ट भारताचा. पुण्याचा पत्ता देते."

"पासपोर्ट कुठला ते वरच्या ओळीत विचारलंय. इथे विचारलंय, कर भरण्यासाठी तू कुठली रहिवासी. तू इथली. ती चौकट कोरी सोडायची."

म्हणजे खोटं बोलले तर शून्य, चूक तशीच राहू दिली तर चोवीस आणि खरं बोलले तर तीस. आणि तीस कापले गेले तर माझं भागणार नव्हतं. पुन्हा नोकरी शोधावी लागणार, हे मला त्याच टेबलावर दिसलं. मी ओरडले. म्हटलं, तुम्हाला काय, तुमचं घर स्वतःचं आहे. म्हटलं, हजारो लोक असेच फॉर्म भरतात. शेवटी म्हटलं, "बघतंय कोण, काकू?"

"बघत कोणी नाही. म्हणून तर सही मागतात."

मी कागद गोळा केले. खोलीत जाताना मागून त्यांचा आवाज आला. "मला दाखवायला आणू नकोस. तुझा फॉर्म आहे. भरलास की सांग फक्त."

त्या दुपारी, चांगली पोटभर जेवून, मी जुन्या नावाने फॉर्म भरला. पहिल्या ओळीत ते तांदळातलं नाव आणि दुसऱ्या ओळीत, धंद्याचं नाव म्हणून, माझं खरं नाव. सही केली. दोन दिवसांत कंपनीचं उत्तर आलं की सगळं जुळलं. काकू स्वयंपाकघरात होत्या. "भरलास?" "झालं," म्हटलं आणि पाणी पिऊन निघून आले.

त्या महिन्यात पैसे पूर्ण आले. पण कंपनीचं पान उघडलं की रोज सकाळी वर तेच नाव यायला लागलं. सुप्रभात, अमुक अमुक. ज्या घरात मी हे नाव घेऊन वावरले तिथून बाहेर पडायला मला तीन वर्षं आणि दोन वकील लागले होते. आणि आता ते नाव मी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. कोणी अंगठी धरली नव्हती, कोणी आग्रह केला नव्हता. पंधरा दिवस मी ते पान एका डोळ्याने उघडत होते. सोळाव्या दिवशी, मंगळवार होता, नाश्त्याच्या आधी मी परदेशी माणसांचा फॉर्म भरला. चोआ चू कांगचा पत्ता, सिंगापूरचा करनंबर, करारापुढची चौकट कोरी. कंपनीला वेगळं पत्रही लिहिलं की आधीचे दोन्ही फॉर्म चुकीचे होते. त्यांनी पुढच्या पैशांतून मागचा राहिलेला करही वळता करून घेतला.

काकूंना मी यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं काय? 'झालं' म्हणून आधीच सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात वन-नॉर्थच्या जुन्या साहेबांना फोन केला आणि आठवड्यातले तीन दिवस त्यांच्याकडे जायला लागले. ॲप उरलेल्या दिवसांत चालवलं. ताठा गेला, पण ॲप राहिलं. घरी मात्र मी काट्यासारखी वागत होते. काकूंना उलटून बोलायचे, दारं आपटायचे. त्या काही म्हणायच्या नाहीत. उलट डब्याला थालीपीठ लावून द्यायच्या, आणि ते खाताना मला आणखी राग यायचा.

पुढे मला सेंगकांगला स्वतंत्र जागा मिळाली आणि मी गेले. तरी शनिवारी जायचे. अशाच एका शनिवारी माझ्या लक्षात आलं की त्यांनी पाण्याच्या बिलामागची सूचना वाचली, घडी घालून ठेवली, आणि थोड्या वेळाने उचलून परत पहिल्यापासून वाचली. दुसऱ्यांदा वाचताना त्या ती पहिल्यांदाच वाचत होत्या. त्यांना स्वतःला ते आधीच कळलं होतं. डॉक्टरांकडे त्या एकट्याच जाऊन आल्या होत्या.

"अजून सुरुवात आहे म्हणाले," काकू म्हणाल्या. "समज आहे तोवर एक कागद करून ठेवायचाय. पुढे मला कळेनासं झालं तर माझ्या वतीने निर्णय कोणी घ्यायचे, सह्या कोणी करायच्या. इथे सगळे करतात." मग म्हणाल्या, "मी तुझं नाव घातलंय. तू फोनवर होकार द्यायचा असतो. वाचून बघ आणि दे."

मी म्हटलं, "भाचा आहे ना तुमचा?"

"गुणी आहे. पण व्हॉट्सॲपवर काही पाठवलं तर न वाचता अंगठा दाखवतो."

मी हसले नाही. या बाई मला काय समजून हे देत होत्या ते मला माहीत होतं, आणि ते खरं नव्हतं. होकार दिला असता तर त्यांना कधीच कळलं नसतं. आणि थोड्या वर्षांनी तर कळण्याचा प्रश्नच उरला नसता.

"काकू, तो अमेरिकेचा फॉर्म," मी म्हटलं. "तुम्हाला 'झालं' म्हणाले ना मी, ते खोटं होतं. मी जुन्याच नावाने भरला होता. पंधरा दिवसांनी बदलला. तुम्हाला कधी सांगितलं नाही."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अगं, जन्मभर लोकांचे फॉर्म भरले. 'झालं' कसं म्हणतात ते मला कळत नाही होय? माझ्याकडे पाठ करून म्हणालीस. मग पंधरा दिवस गोडगोड वागलीस, माझ्यासाठी गजरासुद्धा आणलास. आणि एक दिवस एकदम दारं आपटायला लागलीस. म्हटलं, चला, आता खरा भरला."

मला रडू फुटलं. रडता रडता रागही आला. "एवढं कळत होतं तर बोलला का नाहीत? एका शब्दाने सांगितलं असतंत तर मी त्याच दिवशी बदलला असता."

"म्हणूनच नाही बोलले," काकू म्हणाल्या. "मी बोलले असते तर ती दुसरी सही माझी झाली असती. मला तुझी बघायची होती."

मी तो कागद पूर्ण वाचला आणि होकार दिला. त्याला आता दोन वर्षं झाली. त्यांच्या जागी सही करायची वेळ अजून आलेली नाही, आणि ती कधीच येऊ नये असं मला फार वाटतं.